‘मला जरा सोडता का?’

मैत्रिणींनो, ‘मला जरा स्टँडपर्यंत सोडता का?’ हे वाक्य आठवड्यातून किती वेळा तुमच्या तोंडी येतं, कधी मोजलंय का? बाजार, बँक, मुलांची शाळा, दवाखाना, भिशी... तालुक्याच्या गावात राहणाऱ्या आपल्यासारख्या बायकांचं जाणं-येणं हे असं कोणाच्या तरी गाडीच्या मागच्या सीटवर ठरतं. ज्याची गाडी, त्याची सवड. यात कोणी वाईट असतं असं नाही हं. आमचे हे तर कधी ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘थांब, एवढा चहा होऊ दे,’ इतकंच म्हणतात. पण तो चहा होईपर्यंत दारात चपला घालून, पर्स खांद्याला लावून उभं राहण्यात आपले किती तास जातात!

माझं ते उभं राहणं बंद झालं, ते सायकलीमुळे. सायकलीच्या फायद्यांबद्दल तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. वजन उतरतं, रक्तदाब ताब्यात राहतो, पेट्रोल वाचतं वगैरे. ते सगळं खरं आहे. पण ज्या गोष्टी मी मनातही धरल्या नव्हत्या, त्याच जास्त बदलल्या. त्या कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

मी बदनापूरला राहते. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालात की जालन्याच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर आमचं गाव लागतं. रेल्वे स्टेशन आहे, आणि इथलं कृषी संशोधन केंद्र तुरीसाठी नावाजलेलं आहे. ‘बीडीएन’ या अक्षरांनी सुरू होणारे तुरीचे वाण शेतकरी मैत्रिणींना ठाऊक असतील. त्यातलं ‘बीडीएन’ म्हणजे आमचं बदनापूर. (सासरच्या गावाचं एवढं कौतुक तरी करू द्या!)

इथून साडेपाच किलोमीटरवरच्या एका गावातल्या शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवते. नोकरी पूर्ण वेळाची नाही, तासांवरची. तास बुडाला की त्याचे पैसे बुडाले. २०२१ च्या दिवाळीनंतर शाळा उघडली, त्याच सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. राहिली काळीपिवळी. तिच्यात आधीच दहा माणसं, अकरावी मी, मांडीवर कोणाची तरी कोंबडीची पाटी. जायचे वीस रुपये, यायचे वीस. महिन्याचा हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की मानधनातला मोठा घास रस्ताच खातोय. ह्यांचं दुकान सकाळीच उघडतं, त्यामुळे रोज सोडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

माहेरी परतूरला माझी लेडीज सायकल कांद्याच्या पोत्यांमागे उभी होती. दहावीत घेतलेली. लग्नात भांडी आली, कपाट आलं, शिलाई मशीन आलं, सायकल मात्र माहेरीच राहिली. तिला पाठवावं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. तुमच्यापैकी कितीजणींची अशी सायकल माहेरच्या ओसरीत असेल, आठवून पाहा. भावाने ती एका टेम्पोवर टाकून पाठवली. नवे टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं, नवी सीट, सगळे मिळून साडेबाराशे रुपये लागले. म्हणजे काळीपिवळीचं दीड महिन्याचं भाडं.

पहिले पंधरा दिवस मांड्या भरून आल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, “काहून बाई एवढी दगदग? तोंड पार काळवंडून जाईल.” यावर गंमत सांगते. १८९० च्या सुमारास युरोप-अमेरिकेत बायका सायकली चालवायला लागल्या तेव्हा तिथल्या काही डॉक्टरांनी ‘सायकलचेहरा’ नावाचा एक आजारच काढला होता! तोल सांभाळून सांभाळून बायकांचा चेहरा ताणलेला, डोळे वटारलेले, जबडा आवळलेला होतो, असं म्हणे. पुढे तो आजार कुठे गेला कोणास ठाऊक. आमच्या काकूंना या डॉक्टरांचं नावगावही माहीत नाही, पण बोलणं अगदी तेच.

आता खरी परीक्षा ऐका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. संप तर कधीच मिटला होता. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, “चला, आता ती सायकल ठेवा आत.” हिशेबाने त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पैसे वाचवायला सायकल काढली होती, ते कारण आता फारसं उरलं नव्हतं. मी चार दिवस एसटीने गेलेही. पण स्टँडवर उभं राहून गाडीची वाट पाहताना जीव तगमगायला लागला. आपण काय गमावलंय ते त्या चार दिवसांत कळलं. पाचव्या दिवशी सायकल पुन्हा बाहेर काढली.

काय गमावलं होतं? पंचवीस मिनिटं. घरातून शाळेत पोचायला मला सायकलने तेवढा वेळ लागतो. घरात मी कोणाची आई, कोणाची सून. शाळेत ‘मॅडम’. मधली पंचवीस मिनिटं मी कोणाचीच नसते. मैत्रिणींनो, लग्न झालेल्या बाईला दिवसात अशी वेळ कुठे मिळते, सांगा? न्हाणीघरातसुद्धा दारावर थाप पडते. पूर्वी सकाळच्या घाईत झालेली धुसफूस मी तशीच्या तशी वर्गात घेऊन जायचे. आणि संध्याकाळी वर्गातली कटकट घरी यायची. आता मधे ओढ्याचा चढ लागतो. त्या चढावर मनातल्या मनात दोघा-तिघांना काय बोलायचं ते बोलून होतं, दम लागतो, आणि वर पोचेपर्यंत त्यातलं निम्मं विसरायला होतं. “आई, तू आजकाल आल्या आल्या ओरडत नाहीस,” असं लेकीने एकदा सहज म्हटलं. मी तर ते ठरवून केलंच नव्हतं.

दुसरा बदल असा की मला माझं गाव कळायला लागलं. बारा वर्षं या रस्त्याने जात होते, पण रस्ता कुठे चढतो नि कुठे उतरतो हे गाडीच्या मागच्या सीटवर बसणाऱ्याला कधीच कळत नाही. ते मांड्यांना कळतं. आषाढात पश्चिमेचा वारा असा अंगावर येतो की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं. थंडीत वारा फिरतो. तुरीला पिवळी फुलं कधी आली, कोणाची सरकी पाण्यावाचून माना टाकतेय, हे मला रोज दिसतं. आणि मोसंबीच्या बागा! जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय हे पेपरात वाचलं होतं. पण आंबिया बहार फुटतो तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारीत, सकाळी सात वाजता त्या फुलांचा वास कसा असतो ते सायकलीवरच समजलं. शाळेतल्या पोरांशी बोलायला विषय मिळाले. “तुमच्या मळ्यात पाणी सोडलंय वाटतं?” म्हटलं की पोरगं खूश. त्यानंतर व्याकरणसुद्धा ऐकून घेतं.

तिसरा बदल हाताचा. आमच्या भागात सराट्यांचा सुळसुळाट. कडेच्या धुळीत टायर गेलं की संपलं. सुरुवातीला पंक्चर झालं की ह्यांना फोन. मग सायकलवाल्या दादांकडे बसून शिकून घेतलं. टायर रिमवरून कसं सोडवायचं, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते कसं पाहायचं, ती जागा कानशीने घासून, सोल्युशन लावून ते थोडं सुकू द्यायचं आणि मगच ठिगळ बसवायचं. सोपं काम आहे, आपल्या पुरणपोळीपेक्षा कितीतरी सोपं. पण त्यामुळे झालं काय, की पान्हा-पक्कड या गोष्टींची भीतीच गेली. नंतर कुकरचं हँडल बदललं, नळाचा वायसर बदलला, लेकाच्या खोलीच्या दाराची बिजागरी बसवली. घरात आता काही मोडलं की सासूबाई ह्यांना नाही, मला हाक मारतात. (हा बदल सोयीचा की गैरसोयीचा, हे अजून ठरायचंय!)

वजनाचं विचाराल तर दोन किलो उतरलं आणि तिथेच थांबलं, कारण भूक दणदणीत लागते. दुपारी दोन भाकऱ्या सहज जातात. झोप मात्र शांत लागते. इंग्लंडच्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली अडीच लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास छापून आला होता. सायकलने कामावर जाणाऱ्यांत अकाली मृत्यूचं प्रमाण गाडीने किंवा बसने जाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. आता सायकल चालवणारी माणसं मुळातच धडधाकट असणार, तेही लक्षात घ्यायला हवं. त्यामुळे मी या आकड्यावर फार उड्या मारत नाही.

मला जो बदल सगळ्यांत मोठा वाटतो तो दोन शब्दांचा आहे. पूर्वी मी म्हणायचे, “जाऊ का?” आता म्हणते, “जाऊन येते.” बस्स, एवढंच. पण घराला हे जड गेलं. कारण ‘जाऊ का’ला उत्तर देता येतं, ‘जाऊन येते’ला फक्त ‘बरं’ म्हणता येतं. पासबुक छापायला बँकेत गेले, मैत्रिणीचं बाळ बघून आले, एकदा तर शाळा सुटल्यावर वाचनालयात अर्धा तास बसून आले. कोणी अडवलं नाही, पण “आज उशीर झाला?” हा प्रश्न घरात फिरायला लागला.

सासूबाईंचा राग पदरावर होता. “सुनेचा पदर वाऱ्यावर उडतो, बरं दिसतं का ते?” मी पंजाबी ड्रेस आणि ओढणी कमरेला गाठ मारून, असा मार्ग काढला. महिना-दोन महिने त्या बोलल्या नाहीत. मग एके दिवशी मेतकुटाची बरणी पुढे केली. त्यांच्या धाकट्या जाऊबाई माझ्या शाळेच्याच गावात असतात. “जातीच आहेस तर दे एवढं.” जाताना मेतकूट गेलं, येताना शेवग्याच्या शेंगा नि निरोप आला. तेव्हापासून मी त्या दोघींची पोस्टमन आहे. फोनवर बोलता येत नाही असं बरंच काही त्या माझ्या कॅरिअरवरून पाठवतात, असा माझा संशय आहे.

ह्यांचं दुखणं मात्र वेगळं होतं. एका रात्री जेवताना म्हणाले, “लोक विचारतात, मास्तरीणबाईंना स्कूटी घेऊन देत नाही का?”

“मग तुम्ही काय सांगता?”

“काय सांगणार? हसतो.”

ते हसण्यावारी नेत होते, पण त्यांना लागलं होतं. आपल्याकडे बायको सायकलवर दिसली की नवऱ्याची ऐपत मोजतात. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. कॉलेजातल्या मुलींपासून नोकरदार बायकांपर्यंत सगळ्या सायकलवर. १९७२ मध्ये लूना आली, स्कूटर वाढल्या, आणि हळूहळू सायकल म्हणजे ज्याला दुसरं काही परवडत नाही त्याचं वाहन, असं होऊन बसलं. ह्यांनी एकदा स्कूटीची चौकशीही करून ठेवली होती. मी म्हटलं, “अहो, पेट्रोलला पैसे तुमच्याकडे मागायचे, म्हणजे पुन्हा तेच.” त्यावर ते बराच वेळ गप्प बसले. आजही सगळं गोड झालंय असं नाही. त्यांच्याकडचे पाहुणे येणार असले की सायकल मागच्या अंगणात जाते. कोण नेऊन ठेवतं हे मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. पण गेल्या पावसाळ्यात न सांगता माझ्या चेनला तेल घालून ठेवलेलं होतं.

हे एकट्या माझ्याच घरचं आहे असं समजू नका. फ्रान्सिस विलर्ड नावाच्या अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीच्या मोठ्या पुढारी होत्या. त्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे ‘आता या वयात कुठे’ हे कारण तेव्हाच निकालात निघालं. त्याहून मला जवळचं वाटतं ते तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईचं उदाहरण. तिथे १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहीम चालली होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवायची असं ठरवलं. एक लाखाहून जास्त बायका शिकल्या. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, गावोगाव फिरणाऱ्या नर्सबाई, अंगणवाडीच्या ताई. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. त्यातली एक गोष्ट माझ्या मनात बसली. काही बायकांना लेडीज सायकलीपेक्षा दांड्याचीच सायकल बरी वाटायची. का, तर दांड्यावर मूल बसवता येतं!

आता तुम्ही म्हणाल, मुली तर हल्ली सायकल चालवतातच की. चालवतात. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांना तिथे दिसलं की योजनेमुळे माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलं. आणि ते मुख्यतः जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती त्या गावांत. माझ्या वर्गातही पाहते ना. सायकलवाल्या पोरी घंटेच्या आधी हजर, आणि एकीची पंक्चर झाली तर चौघी थांबतात.

पण बारावी झाली की त्या सायकलीचं काय होतं? कोणाचा भाऊ नेतो, कोणाचे वडील तिला दुधाचे कॅन लावतात. आणि लग्न झालं की संपलंच. सोळा वर्षांच्या मुलीने सायकल चालवली की सगळ्यांना कौतुक, सव्विसाव्या वर्षी तिनेच चालवली तर ‘काहून बाई?’ मुलीला शाळेत पोचायला सायकल चालते, बाईला स्वतःच्या मनाने कुठे जायला चालत नाही. मला यातलं अंतर किलोमीटरमधलं वाटत नाही.

तुमच्यातल्या कोणाला करून बघायचं असेल तर चार कामाच्या गोष्टी सांगते. सीट बुटकी ठेवू नका. पडायच्या भीतीने बायका ती खाली ठेवतात आणि मग गुडघे धरतात. टाच पायडलवर ठेवून पायडल खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा, हे माप. चेनला कव्हर असलेलीच सायकल घ्या. साडीच नेसायची असेल तर निऱ्या घोट्याच्या वर राहतील अशी नेसा आणि पदर पिनांनी पक्का करून कमरेला खोचा. ओढणी मोकळी सोडणं फार धोक्याचं, चाकात गेली तर गळ्याशी येतं. हेल्मेट घाला, लोक चार दिवस हसतात. मोठा रस्ता ओलांडताना उतरून, हातात धरून ओलांडा. आमचा जालना रस्ता मी अजूनही चालतच ओलांडते. कुत्रं मागे लागलं तर जोरात पळवू नका. थांबा, उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्या मधे धरा, बहुतेक वेळा ते परत फिरतं. मागे लाल रिफ्लेक्टर हवाच, संध्याकाळ होणार असेल तर दिवाही. वह्या तपासायला घरी आणत असाल तर पावसाळ्यात खताच्या गोणीतली आतली प्लॅस्टिकची पिशवी धुऊन वापरा, तिच्यासारखं काही नाही. नुकतं बाळंतपण झालं असेल, पिशवी खाली येण्याचा त्रास किंवा कंबरदुखी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पाळीच्या दिवसांत मला काही त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांनी खुशाल सुट्टी घ्यावी.

सहा महिन्यांपूर्वी शाळेतल्या एका विद्यार्थिनीच्या आईने विचारलं, “मॅडम, मला येईल का हो?” म्हटलं, रविवारी सकाळी मैदानावर या. पहिल्या रविवारी दोघी आल्या. पुढच्या वेळी पाच. त्यातल्या एकीने नवऱ्याची काळी, दांड्याची सायकल आणली होती. दांड्यावर चार वर्षांचा मुलगा बसलेला, आणि ही त्याला ढकलत ढकलत घरापासून चालत आलेली. पोरगं काही केल्या उतरेना. शेवटी बिस्किटाचा पुडा दाखवून त्याला शाळेच्या पायरीवर बसवलं. मग मी मागून कॅरिअर धरलं आणि तिला म्हटलं, “हं, बसा आता.”